कठड्यातला सांताक्लॉज

नाताळच्या आदल्या आठवड्यात आम्ही उभयता लेकीच्या घरी पोहोचलो, तेव्हा दिवाणखान्यात प्रथम दर्शन घडले ते एका कैद्याचे. नातीला सुरक्षित ठेवण्यासाठी आणलेल्या लाकडी कठड्यात प्लॅस्टिकचे नाताळचे झाड उभे होते, आणि जिच्यासाठी तो कठडा आणला, ती बाहेर मोकाट हिंडत होती.

"तिला आत ठेवलं की ती रडते," जावई म्हणाले. "झाड रडत नाही."

जावई लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करतात. अडचण नाहीशी होत नसेल, तर ती दुसऱ्या मजल्यावर न्यावी, असे त्यांचे एकंदर धोरण.

आमची नात ठकी दोन वर्षांची. जन्मापासून तिने आम्हांला पाहिले ते केवळ फोनवर. रोज संध्याकाळी फोन लागला, की ती "आबा!" अशी आरोळी ठोकी, आणि मन भरले की पडद्यावर बोट दाबून मला बंद करून टाकी. ज्याच्या चपलांच्या आवाजाने अख्खी शाळा चिडीचूप होत असे, असा मी निवृत्त मुख्याध्यापक. पण त्या आरोळीसाठी दुपारपासून फोन डोळ्यांशी धरून बसत असे. ती एकदा समोरासमोर कानी पडावी, एवढ्याचसाठी हा सारा प्रवास होता. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आम्हांला परत निघायचे होते.

आजीला ठकीने तत्काळ पत्करले. आमच्या सौभाग्यवती फोन कानाला लावूनच बोलतात. पडद्यावर माणूस दिसतो, हे त्यांना तत्त्वतः मान्य नाही. ठकीने त्यांच्या मांडीवर चढून केस बाजूला सारले, कानाची कसून तपासणी केली, कुडी ओढून पाहिली आणि समाधानाने म्हटले, "आजी."

मग ती माझ्याकडे वळली. थंडी कडाक्याची असल्याने लोकरीची टोपी मी भुवयांपर्यंत ओढली होती. खाली पांढऱ्या मिशा होत्याच. तिने मला आपादमस्तक न्याहाळले आणि असा टाहो फोडला, की वरच्या मजल्यावर कोणीतरी जमिनीवर काठी आपटली.

"ठके, अगं, मी आबा!"

तिने मेजावरच्या फोनकडे बोट दाखवले. "आबा." मग माझ्याकडे. "नाय."

त्यानंतरचे दिवस मी तपश्चर्येत घालवले. घोडा झालो. मांजर झालो. एका खुळखुळ्यापुढे तर मी असे काही नृत्य केले, की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ते पाहिले असते, तर आपल्या गुणपत्रिका परत केल्या असत्या. देवी प्रसन्न झाली नाही. ती फोन उचलून आणी, त्याच्या काळ्या पडद्याला "आबा?" विचारी, आणि मी समोर रांगत असे.

"अहो, ती टोपी तरी काढा," सौभाग्यवती म्हणाल्या. "लेकरू घाबरतं."

"डोक्याला वारा लागला की मला काय होतं, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. शिंका येतात. जगबुडी येत नाही."

नाताळच्या सकाळी लेक रुग्णालयातली पाळी संपवून आली. ती परिचारिका आहे. हट्टी रुग्णांची तिला सवय आहे.

"बाबा, ठकी सांतावर फिदा आहे. पाळणाघरातल्या चित्राची रोज पापी घेते. तुम्ही सांता व्हा."

"मी?" मी ताठ बसलो. "अगं, मी मुख्याध्यापक होतो!"

"मग काय वेगळं आहे?" सौभाग्यवतींनी विचारले. "एकदम उगवायचं, आणि पोरांना दरडावून विचारायचं, वर्षभर नीट वागलात का? जन्मभर हेच तर केलंत. फक्त खाऊ दिला नाहीत."

लेकीचा लाल गाऊन मला चढवण्यात आला. प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस चिकटपट्टीने हनुवटीला डकवून दाढी सिद्ध झाली. कमरेला जावयांचा हत्यारांचा पट्टा. पोटाला उशी लागणार नाही, हे सर्वांनी एकमताने ठरवले. लोकरीची टोपी काढून मी लगोलग लाल टोपी घातली, तीही भुवयांपर्यंत.

भेटवस्तू झाडाच्या बुंध्याशी होत्या आणि त्या दिसू नयेत म्हणून कठड्याला चारी बाजूंनी चादर लपेटली होती. मी गंभीर पावले टाकीत दिवाणखान्यात प्रवेश केला आणि "हो, हो, हो!" असा घोष केला.

ठकीचा खालचा ओठ बाहेर आला. चित्रातला सांता कधी चालून आला नव्हता.

"जा!" ती आजीच्या पायांना बिलगून किंचाळली. "जा, जा!"

मी गेलो. मागच्या मागे गेलो. कठड्याची कड गुडघ्यांच्या मागे लागली, आणि मी भेटवस्तूंसह, फांद्यांसह, लाल दिव्यांच्या माळेसह आत बसलो. खाली काहीतरी फुटले. एका फांदीने टोपी उचलली. पट्ट्यातला पाना कठड्याच्या गजांत अडकल्याने मला उठताही येईना. मी घसरून बसलो, तो चादरीच्या वर फक्त माझे कपाळ आणि चष्म्याची अर्धी काच.

"बाबा, लागलं का?" लेक धावली.

"नाही," मी आतून म्हणालो. "मात्र काही फुटलं आहे."

"तो माझा फुलदाणीचा अहेर," सौभाग्यवती उद्गारल्या.

तेवढ्यात रडणे थांबले. इवली पावले वाजली. कठड्याच्या कडेवर दोन चिकट हात आले आणि दोन डोळे माझ्या कपाळावर स्थिरावले.

"आबा!"

तीच आरोळी. मधे काच नव्हती, एवढाच भेद.

लेक मटकन जमिनीवर बसली. हसता हसता तिला बोलवेना. "बाबा, अहो, तुम्ही फोन डोळ्यांना चिकटवून धरता! आम्हांला रोज नुसतं कपाळ दिसतं. तिचा आबा म्हणजे कपाळ!"

"आणि आल्यापासून ते टोपीत कोंडून ठेवलंत," सौभाग्यवती म्हणाल्या. "मी काढा म्हणत होते, तर माझं कोण ऐकतं!"

मला शिंक आली. ठकीने माझी दाढी उपटली, त्या कापसाने माझेच नाक पुसले आणि ती इतक्या दिवसांचा साठलेला वृत्तान्त सांगू लागली: त्यात एक भूभू होते, एक पडलेला बूट होता, आणि एक वाईट टोपीवाला माणूस होता. मी त्या माणसाचा निषेध केला.

मग मन भरले असावे. तिने तर्जनी उगारली आणि माझ्या कपाळाच्या मध्यभागी घट्ट दाबली. मला अर्थ कळला. मी डोळे मिटले, मान खाली घातली आणि बंद झालो.

"टाटा," ती तृप्तपणे म्हणाली.

क्षणभराने कपाळावर पुन्हा टकटक झाली. "आबा?"

मी डोळे उघडले. ती खदखदा हसली. पुन्हा बोट, पुन्हा अंधार, पुन्हा टकटक.

जावई पक्कड घेऊन आले, वाकून पट्टा कुठे अडकला ते पाहू लागले. "बाबा, सोडवतो हं लगेच. केक कापायचाय."

"थांबा जरा," मी डोळे मिटूनच म्हणालो. "फोन चालू आहे."