नकाराचं दार

घंटा वाजली आणि सभागृह रिकामं होऊ लागलं. उभं राहून मोजणी जमली नाही, की सगळ्यांनी बाहेर जायचं आणि होकाराच्या किंवा नकाराच्या दारातून परत आत यायचं. बर्लिनचे खासदार याला मेंढ्यांची उडी म्हणत, आणि खरं सांगायचं तर मेंढ्या त्यांच्यात होत्याच.

म्हाताऱ्या वेंडेलीन क्राहेने हात पुढे केला. डोळे पार गेल्यापासून त्याचा जुना मित्र लुडॉल्फच त्याला हाताला धरून नेई.

"नकाराच्या दारातून ने."

"अरे बाबा, कायदा पडला तर चान्सलर संसदच बरखास्त करेल. निवडणुकीत आपल्या उदारमतवाद्यांचा धुव्वा उडेल."

"उडू दे! कामगारांच्या सभांवर बंदी म्हणे! असल्याच सभेत बोललो म्हणून आपण दोघं दोन वर्षं कोठडीत सडलो. विसरलास?"

लुडॉल्फने त्याचा दंड धरला. "चल," एवढंच म्हणाला.

क्राहेचा जीव भांड्यात पडला. गावाकडच्या सिगार वळणाऱ्यांना त्याने शब्द दिला होता. पायाला उंबरा लागला. "एकशे एकाहत्तर," मोजणाऱ्याने पुकारलं.

आत येताच कुणीतरी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "या, क्राहेसाहेब! उशिरा का होईना, शहाणपण सुचलं म्हणायचं!"

हा आवाज पोमेरानियाच्या जमीनदाराचा, फॉन राडेकेचा. तो मेला तरी नकाराच्या दारातून आला नसता.

"लुडॉल्फ, हे कुठलं दार?"

लुडॉल्फ त्याला दंडाला धरून घाईने बाकांकडे ओढू लागला.

"माझं मत चुकलंय," क्राहे ओरडला. "मला परत जाऊ द्या!"

"एकदा मोजलं ते मोजलं, साहेब," मोजणारा हळूच म्हणाला.

होकार एकशे ब्याऐंशी, नकार एकशे ऐंशी. कायदा मंजूर. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत कायदा पडतो. एवढा हिशेब आंधळ्यालाही येतो.

"पक्षासाठी केलं रे," लुडॉल्फ म्हणाला. "शिव्या घाल, पण बोल."

"शेजारच्या कोठडीतून भिंतीवर टकटक करून तू रोज विचारायचास, आहेस ना म्हणून. तेवढ्या आवाजावर मी दोन वर्षं काढली."

क्राहेने दंड सोडवून घेतला आणि बाकं चाचपत एकटाच निघाला.

"वेंडेलीन, पुढे पायरी आहे. जपून."

क्राहे थांबला. पायरी खरंच आहे का, हे त्याने आधी काठीने ठोकून पाहिलं.