त्रेसष्ट गुपितं आणि एक रिकामी जागा

नववी ‘ब’मधल्या सौंदर्याला आत्मविश्वास नुकताच आला होता, आणि नव्या सायकलसारखा ती तो गल्लीभर मिरवत होती. शाळेसाठी तिनं एकटीनं ‘शंकापेटी’ बनवली होती. कॉम्प्युटरवर नाव-वर्ग भरून प्रश्न विचारायचा, कोड घ्यायचा, आणि पुढं तो कोड टाकून फक्त आपल्याच प्रश्नाचं उत्तर वाचायचं. आठवड्यात त्रेसष्ट प्रश्न जमले. उद्या उत्तरं खुली होणार होती. लॅबच्या दारावर तिनं सोनेरी स्केचपेननं लिहिलं होतं, ‘तुमचं गुपित शंभर टक्के सुरक्षित.’ टक्के तिनंच ठरवले होते.

“प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरलीस न्हवं?” मैत्रीण मुस्काननं विचारलं.

“कशाला? साधं वाक्य बास की! टाकलेला कोड त्यात चिकटवायचा, डेटाबेसला विचारायचं. चार ओळींची बचत. सोळा वेळा तपासलोय.”

“कोण?”

“मीच की!”

मुस्काननं कोडच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह टाकलं आणि पुढं ‘किंवा एक बरोबर एक’ अशी कायम खरीच ठरणारी अट इंग्रजीत ठोकली. एंटर.

त्रेसष्टच्या त्रेसष्ट प्रश्न नावानिशी पडद्यावर! सौंदर्या पडद्याला आडवी झाली, पण ती अंगानं काडी, पडदा रुंद. नेमकी पहिली ओळ उघडी राहिली: ‘सौंदर्या, नववी ब. चारचौघांत बोलताना पाय लटपटतात. काय करू?’

“शंभर टक्के,” मुस्कान म्हणाली.

“हसू नको गं! उद्या हे कुणी केलं तर पोरं मला रंकाळ्यात बुडवतील.”

मुस्कानच्या अब्बांचा लग्नपत्रिकांचा छापखाना. “हे बघ, पत्रिका आधी छापून होती. पावण्याच्या नावाची जागा तेवढी रिकामी. तिथं कोण काय बी लिहू दे, मुहूर्त हलतोय व्हय? तू आख्खी पत्रिकाच पावण्याला लिहायला दिलीयास.”

सौंदर्यानं प्रिपेअर्ड स्टेटमेंट लिहायला घेतलं. आता डेटाबेसला विचारायचं वाक्य आधीच त्याच्याकडं जाणार होतं, कोडच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवून. कोड मागून, निव्वळ कोड म्हणून. आणि नावं कशाला साठवली होती? ‘उगाच, आपल्याला माहीत असावं म्हणून.’ हे कारण स्वतःला सांगतानाच तिचे कान तापले. तिनं तो रकानाही पुसला.

मुस्काननं पुन्हा तीच अट ठोकली. पडद्यावर आलं, ‘असा कोड नाही.’

“जमलं. आता तिकडं तोंड कर.”

“का?”

“मला बी एक इचारायचंय.”

सौंदर्यानं पाठ फिरवली. पण मागं कीबोर्डची टकटक सुरू झाली तशी ती अक्षरं मोजायला लागली. एकवीस, बावीस... मग तिनं स्वतःच्याच दोन्ही कानांत बोटं घातली.