अथर्वची ज्युनिअर

अथर्व रेडिओ, टीव्ही आणि डिजिटल माध्यमांच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गेला आणि त्याच वर्षी त्याच्या आईनं, वसुंधरानं, त्याच कला विद्यापीठात पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. विमा कंपनीतून तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. आता ती घरी निवांत मालिका बघेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. तिला त्या बघायच्या नव्हत्या, करायच्या होत्या.

"माझी काही हरकत नाही," अथर्व म्हणाला. "फक्त तिथे ओळख दाखवू नकोस."

"बरं. तू मला वसुंधरा म्हण," आई शांतपणे म्हणाली.

करंजाड्याच्या घरून दोघं एकाच स्कूटरवर निघत. गेटच्या बरंच अलीकडे ती उतरे आणि पुढचं चालत येई. कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आले की अथर्व मोबाइलमध्ये डोकं घाली. तिनं कधी तक्रार केली नाही. उलट संध्याकाळी तीच विचारायची, "आज कुणाला कळलं नाही ना?" ते ऐकून त्याला स्वतःचीच लाज वाटायची, पण दुसऱ्या दिवशी तो तिला पुन्हा गेटच्या अलीकडेच उतरवायचा.

मार्चमध्ये बातमीपत्राचं प्रॅक्टिकल आलं. बातम्या पहिल्या वर्षानं वाचायच्या, स्टुडिओ दुसऱ्या वर्षानं सांभाळायचा. वसुंधराची पाळी आली तेव्हा कंट्रोल रूममध्ये अथर्व होता. निवेदिकेच्या कानात सूचना देण्याचं काम त्याचं.

तळोज्यातल्या कारखान्यांच्या धुराची बातमी तिनं छान वाचली. कर्नाळा अभयारण्यातल्या पक्ष्यांची बातमी सुरू झाली आणि टेलिप्रॉम्प्टर बंद पडला. हातात कागद होते, पण दिव्यांची चमक येते म्हणून चष्मा काढून ठेवलेला. ती नुसती कॅमेऱ्याकडे बघत राहिली. ओठ हलले, आवाज फुटेना.

"मॅडम, पुढे बोला," अथर्व म्हणाला. काहीच नाही. त्यानं घाईत दुसरंच बटण दाबलं.

"आई, घाबरू नकोस. तुला आठवतं तेवढं सांग. मी आहे."

ते सबंध स्टुडिओत स्पीकरवर घुमलं.

वसुंधरा हसली. "क्षमस्व," ती कॅमेऱ्याला म्हणाली. "गेल्या रविवारी मी स्वतः कर्नाळ्याला गेले होते. पक्षी फारसे दिसले नाहीत. माझा मुलगा सारखा बोलत होता." मग मात्र ती शेवटपर्यंत अडखळली नाही.

बाहेर आल्यावर अथर्व कॅमेरा सांभाळणाऱ्या, त्याच्या वर्गातल्या फिजाला म्हणाला, "ती माझी आई आहे."

"माहितेय. पहिल्याच आठवड्यात कळलं. दोघांच्या डब्यात रोज एकच भाजी."

"मग बोलली का नाहीस?"

"आंटीच म्हणाल्या, त्याला थोडा वेळ द्या."

अथर्व पाणी प्यायला निघून गेला.

प्रॅक्टिकल घेणाऱ्या इंद्रजीत सरांनी स्पीकरच्या चुकीबद्दल त्याचे गुण कापले आणि रेकॉर्डिंग नीट एडिट करून द्यायला सांगितलं. घरी दोघं लॅपटॉपसमोर बसले.

"माझा आवाज काढून टाकू?" त्यानं विचारलं.

"राहू दे," वसुंधरा म्हणाली. "जरा बारीक कर फक्त. केवढ्यांदा ओरडलास."