धाकू शिकाऱ्याची बंदूक

"नळीत बघितलां काय सगळां कळता," सर्वेश म्हणाला आणि धाकूने पुढे केलेली बंदूक परत मांडीवर घेतली.

सर्वेश डिचोलीचा, जुन्या बंदुकांचा परवानाधारक विक्रेता. धाकू आता म्हातारा झाला होता, म्हणून मुलाने, साईशने, बंदूक विकायचं ठरवून तिची किंमत करायला त्याला धारगळला घरी बोलावलं होतं. ही दुनळी धाकूच्या वडिलांनी पोर्तुगीज अमदानीत कोरी घेतली आणि दसऱ्याला पुजण्यापलीकडे तिला हात लावला नाही. धाकूने मात्र रानडुकरांपासून अख्ख्या वाडीची शेती राखली. रात्री त्याचा बार ऐकू आला की लोक कूस बदलून निवांत झोपत. त्याचं प्रत्येक डुक्कर, तो सांगे, जखमी होऊन रानात पळे आणि पलीकडे कुठेतरी मरे. धाकू शिकारी म्हणूनच पंचक्रोशी त्याला ओळखी.

खरं तर धाकूने उभ्या आयुष्यात एकही गोळी झाडली नव्हती. तो डब्यात सुतळी बॉम्ब लावी. डुकरं पळत, शेत वाचे. पण आता पोटच्या पोरासमोर हे उघडं पडणार होतं.

सर्वेशने नळ्या सोडवल्या, त्यांच्या पोटाखालचे बारीक शिक्के भिंगातून वाचले. "इंग्लंडची. दुसऱ्या महायुद्धाच्या आदली."

साईश खूश झाला. "आणि बाबान किती बार काडले, तांय कळतला?"

सर्वेशने नळ्या उजेडाकडे धरल्या. आतून कोऱ्या करकरीत. त्याने धाकूकडे पाहिलं. धाकूने मान खाली घातली.

"काकांनी वापरल्यानी बरीच," सर्वेश म्हणाला, "पण दर बारामागे साफ केल्यानी. अशी राखलेली नळी गावणा नाय. किंमत म्हणानच वाढता." त्याने सांगितलेला आकडा कोऱ्या बंदुकीचा होता.

धाकू नारळांची पिशवी घेऊन त्याच्या मोटारसायकलपर्यंत गेला. "तुजे उपकार झाले, बाबा."

"शेतां राखलात मां?"

"राखलंय."

"मगे झालां तर."

धाकू परतला तेव्हा सुलोचना, त्याची बायको, अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती.

"बरो माणूस गावलो," ती म्हणाली. "त्यान नळी वर धरली तशी मी दारात घाबारलंय."

"तू कित्याक?"

"इतकी वर्सां तुमचे सदरे कोण धुयता? चवथीच्या फटाक्यांचो वास माका वळकाक येता."

म्हणजे ही सगळं जाणून होती, आणि चार माणसांत त्याच्या प्रत्येक शिकारीला मान डोलावत आली होती. आजवर कुणी आपल्याला इतकं सांभाळलं नाही, असं त्याला वाटलं.

"कधी विचारलंस नाय गो?"

"सांगशात म्हणान वाट बघलंय."

तो तिच्याजवळ खाली टेकला. "पयल्याच वर्सा डुकरीण इल्ली. पाठसून पिलां. माज्यान चाप ओढूक जमला नाय."

"बरां केलात," सुलोचना म्हणाली आणि ओल्या सोलांची परडी तिने त्याच्याकडे सरकवली.