निसवण्याचं अक्षर

नव्या सम्राटाचं नाव आणि राळ्याचं कणीस निसवण्याचं, म्हणजे पानांच्या पोटरीतून बाहेर पडण्याचं, अक्षर एकच निघालं: श्यू. लगेच हुकूम सुटला. हे अक्षर यापुढे कुणी लिहायचं नाही, उच्चारायचं नाही. त्याजागी 'माओ' म्हणायचं. चुकलं तर गुरू तुरुंगात आणि शाळेला टाळं.

फान गुरुजींनी पोरांकडून 'माओ' घोकून घेतलं होतं. तरी हुकूम पाळला जातो का ते बघायला आलेले तपासनीस चटईवर टेकले, तशी गुरुजींची नजर एकेका पोरावरून फिरली. ग्रंथांतला क्रम होता रोप, मग निसवणं, मग दाणा. पोरांच्या जिभेवर जुनंच अक्षर बसलेलं.

तपासनिसांनी नेमकं वेईलूला उठवलं. सहा वर्षांचं पोर, बापामागे शेतात हिंडणारं.

"सांग बाळ, रोप वाढलं. पुढे काय होतं?"

वेईलू बाहीचं टोक चावत राहिला.

"बोल की! तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?"

"माओ," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"माओ नाही!" वेईलू फणकारला. "माओ म्हणजे नुसता पाला. पाला माजला की बाबा कपाळाला हात लावतात."

अक्षरं समजावीत म्हणून पोरांना बांधावर नेणारे गुरुजीच होते.

"पाला नाही, मग काय?" तपासनीस पुढे झुकले. "नाव सांग त्याचं."

वेईलूचे ओठ पुढे आले. गुरुजींनी डोळे मिटले. काहीच ऐकू येईना, तेव्हा उघडले.

पोरानं मूठ लांब बाहीत ओढून घेतली होती. बाही फुगली. मग हळूहळू तिच्या तोंडातून बोटांची टोकं वर आली, मागोमाग अख्खी मूठ, आणि ती जडशी होऊन एका बाजूला कलली.

तपासनिसांचा चेहरा उजळला. "अरे वा! अगदी पोटरीतून श्यू..."

शब्द निसटून गेला होता.

सोबतच्या शिपायानं नजर जमिनीला लावली. तपासनीस पांढरेफटक पडले.

गुरुजी जोरात खोकले, पुन्हा खोकले. "पोरांनो, झोपलात काय? पुढचा पाठ! मोठ्यानं!"

पोरं बेंबीच्या देठापासून ओरडू लागली. त्या कल्लोळात तपासनीस उठले, दाराशी गुरुजींजवळ थांबले.

"गुरुजी, खोकल्याला औषध घ्या," ते हळूच म्हणाले. "शाळा बंद राहायला नको."