आळीचा बंदोबस्त

मी नगरपालिकेसाठी डास शोधते. म्हणजे डास आपले आपण सापडतातच, मी त्यांची पिल्लावळ शोधते. घरोघर पिंपं, कुंड्या, फ्रिजमागचा ट्रे बघायचा. लांब दांड्याच्या पळीत पाणी काढायचं आणि वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की घरमालकाला दाखवायच्या. त्यावर जो तो एकच सांगतो, "आमच्या नाहीत हो, शेजारच्या आहेत." जणू अळ्या जिना चढून पाहुण्या आल्यात.

त्या शनिवारी माझ्या वाट्याला धाकट्या भावाच्या सलूनची आळी आली. सलून दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. याआधीच्या दोन्ही धंद्यांतून भाऊ हात हलवत घरी आला होता. म्हणून बाबांनी बजावलं होतं, "रविवारी दुपारी येऊन बघेन. खुर्ची रिकामी दिसली, तर सोमवारपासून माझ्याबरोबर गोदामात पोती मोजायला चल." भाऊ मान खाली घालून पोती मोजतोय, हे मला बघवलं नसतं.

आणि या शहाण्याने दारात शोभेला मातीचं पसरट भांडं ठेवून पाण्यात फुलं सोडलेली. त्यात अळ्याच अळ्या! भांडं तिथल्या तिथे उपडं केलं आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण शेजारच्या घरांतल्या पिंपांतही तीच गत होती. मग आमच्या फवारणीवाल्या मुकादमांना फोन लावला. मुकादम माणूस सोन्यासारखा, पण धुराच्या मशीनशेजारी जन्म गेल्यामुळे कानांनी जरा अधू.

"मुकादम, अळी सापडली! बंदोबस्त करा."

"कुठली आळी?"

"सलूनची!"

"एका टोकाला की दोन्ही?"

मला वाटलं, फवारणीचंच विचारतायत. "दोन्ही टोकांना करा. सकाळी लवकर."

"झाला म्हणून समज."

रविवारी सकाळी जाऊन बघते, तर आळीच्या दोन्ही टोकांना लोखंडी अडथळे आणि एकेक हवालदार. बाहेरचं चिटपाखरू आत येत नव्हतं. भाऊ नवाकोरा अॅप्रन घालून दारात उभा, तोंड एवढंसं झालेलं.

"ताई, काय केलंस हे?"

"अरे, मी अळीचा बंदोबस्त सांगितला होता!"

"मग झालाय की आळीचा!"

तेवढ्यात मुकादम स्वतःच पाहणीला आले, तेही मोठ्या ऐटीत. "पोलीस चौकीत सांगून केला की नाही चोख बंदोबस्त?" मी शेजारच्या पिंपातून पळीभर पाणी काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. "मुकादम, ही अळी! ही!" त्यांनी पळीत पाहिलं, अडथळ्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आधी हवालदार हसला, मग मुकादम, मग मलाही आवरेना. भाऊ तेवढा हसला नाही. अडथळे काढायला चौकीतल्या साहेबांचा हुकूम लागत होता आणि साहेब काही फोन उचलेनात.

आळीतल्यांच्या गाड्या आत अडकलेल्या. सगळे ओट्यांवर बसून मुकादमांच्या नावाने बोटं मोडत होते. शेवटी समोरचे काका उठले. "नुसतं बसून काय करू? चल रे, उरक माझी दाढी." त्यांचं बघून शेजारचे आले. पहाटेपासून ताटकळलेल्या दोन्ही हवालदारांनीही आळीपाळीने नंबर लावला. बघता बघता बाकावर जागा उरली नाही. मुकादमांनी तर प्रायश्चित्त म्हणून मिशी कोरून घेतली आणि आरशात स्वतःवरच खूश झाले.

दुपारी बाबा आले. गुळगुळीत गालांच्या हवालदाराने त्यांना अडवलं. भावाची बाजू घ्यायचं त्याने आता मनावरच घेतलं होतं.

"आत फक्त सलूनची गिऱ्हाइकं सोडतोय, आजोबा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच दुसरीकडे बघितलं. पोराचं दुकान बघायला आलोय, हे त्यांच्या तोंडून निघणं महाकठीण.

"गिऱ्हाईकच आहे," ते पुटपुटले.

आत त्यांना कुणी आधी खुर्चीत बसायला सांगितलं, तर ऐकेनात. बाकाच्या टोकाला बसून भावाचे हात बघत राहिले. त्यांची पाळी आली. भावाने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, सोडलं, परत बांधलं.

बाबांनी आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं.

"सावकाश कर. आणि जरा नीटनेटकं दिसू दे. उद्या गोदामात सगळे विचारतील, दाढी कुठे केली."