पुढचं त्याचं, मागचं हिचं

खोकं दारात आलं तेव्हा मास्तरीण टेबलावर चढून दिवा बदलत होती. "वहिनी, आली!" असं दीर खालून इतक्या जोरात ओरडला की तिच्या हातातला दिवा सुटला. सोफ्यावर पडला म्हणून वाचला.

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. ती मोटार शिकवायची. शहरातली निम्मी माणसं तिच्या शेजारच्या सीटवर घाम पुसत गाडी शिकली होती आणि हे नाव तिला कायमचं चिकटलं होतं. नवरा बोटीवर इंजिनिअर, वर्षातला निम्मा वेळ पाण्यावर. घरात ती आणि धाकटा दीर. दीर चष्म्याच्या दुकानात होता. दिवसा लोकांचे नंबर तपासायचा आणि उरलेल्या वेळात फोनवर जगभरातल्या सवलती.

या चाकांची सवलत त्यानेच शोधली होती. कार्बनची, हलकी, नावाजलेल्या कंपनीची सायकलची चाकं. इथल्या दुकानात काचेमागे टांगलेली असायची आणि मास्तरीण येता-जाता नुसती बघून घ्यायची. तीच चाकं परदेशातला एक विक्रेता जवळजवळ निम्म्या किमतीत देत होता.

"नकली निघाली तर?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"नकली नाहीत गं. लोकांनी फोटो टाकलेत."

"आणि बिघडली तर?"

"कार्बन बिघडतो का कधी?" दीर म्हणाला होता. एवढ्या आत्मविश्वासाने की जणू कार्बन त्यानेच शोधून काढला होता.

खोकं उघडलं. चाक हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटेना. मास्तरणीने ते दोन बोटांवर धरून फिरवलं. मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला गाभा, टिरटिरला, किड्यांच्या थव्यासारखा. "भाऊजी!" एवढंच ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली. दिराने हॉलमध्येच सतरंजी टाकून, पाने पसरून ती चाकं बसवली. जुनी त्याने आधीच विकून टाकली होती, कारण ती ठेवायला जागा कुठे होती?

रविवारी डोंगराच्या चढाची शर्यत होती. एकेक स्पर्धक ठरावीक अंतराने सुटतो आणि घड्याळाशी झुंजत माथ्यावर पोहोचतो, अशी. चाळिशी उलटल्यावर मास्तरणीला सायकलचं वेड लागलं होतं आणि गेल्या वर्षी ती आपल्या गटात सातवी आली होती. या चाकांवर पहिल्याच दिवशी तिने शहराबाहेरची टेकडी अशी चढली की वर पोहोचल्यावर तिला मागे वळून रस्ता बघावा लागला, खरंच हाच का म्हणून.

शनिवारी सकाळी गतिरोधकावरून जाताना पुढून 'टक्' असा आवाज आला. थांबून पाहिलं. पुढच्या रिमवर, स्पोक जिथे आत शिरतो तिथे, केसासारखी एक भेग. तिने नख लावलं. नख अडकलं.

"रेषा असेल रंगाची," दीर म्हणाला. मग चष्म्याच्या दुकानातलं भिंग आणून बघितलं आणि ते तिच्या हातात दिलं. भेगच होती.

काचेमागे तीच चाकं टांगलेल्या दुकानात दोघं पोहोचली. काउंटरवरच्या बाईंनी रिम उजेडात धरली, त्यावरचा नंबर संगणकात घातला आणि मान हलवली.

"चाक खरं आहे, कंपनीचंच आहे. पण हे दुसऱ्या देशात विकायला गेलेलं. त्याची वॉरंटी तिथल्या विक्रेत्याकडे. आम्हाला हात लावता येत नाही."

"पण कंपनी तर एकच ना?" दीर म्हणाला.

"कंपनी एकच. पण बदलून द्यायचं तर कोणाच्या खात्यातून? तुम्ही त्यांना लिहिलं का?"

सकाळीच लिहिलं होतं. छापील उत्तर लगेच आलंही होतं. तुमचं समाधान आमच्यासाठी फार मोलाचं आहे. कृपया चाक स्वखर्चाने, विमा उतरवून परत पाठवा. तपासणीला काही आठवडे लागतील. नवीन पाठवलं तर त्यावरचा आयात कर तुमचा तुम्ही भरा. आणि सोबत अधिकृत मेकॅनिकने चाक बसवल्याची पावती जोडा.

"पावती?" बाईंनी विचारलं. "कुठे बसवलीत?"

"हॉलमध्ये," दीर म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मास्तरणीला हसू आवरेना, रडूही येत होतं. तेवढ्यात दार ढकलून एक आडवा-तिडवा माणूस आत आला. अंगाला ताज्या पावाचा वास, कोपरावर पीठ, आणि काखेत तेच चाक. अगदी तेच.

"बाई," तो काउंटरवर चाक ठेवत गरजला, "हे मागचं चाक पुढेही फिरतं आणि मागेही! पायडल मारतोय, मारतोय, सायकल जागची हलत नाही! व्यायामशाळेत गेल्यासारखं!"

बाईंनी चाक फिरवून पाहिलं. "हब गेलाय," म्हणाल्या आणि नंबर घातला. मान हलवली. तोच परदेशी विक्रेता.

"तुमचंही समाधान त्यांच्यासाठी मोलाचं आहे का?" मास्तरणीने विचारलं.

"फार!" बेकरीवाला म्हणाला. "स्वखर्चाने पाठवा म्हणाले. उद्या शर्यत आहे माझी, आणि जुनी चाकं विकून बसलोय. मेहुणाही उतरलाय. त्याने सगळं इथून घेतलं, पुऱ्या किमतीत, बिलासकट. गेले आठ दिवस जेवताना मला बिल दाखवतोय!"

दीर मात्र चाकाकडे बघत होता. एकदा बेकरीवाल्याच्या, एकदा वहिनीच्या.

"काका, तुमचं पुढचं चाक कसं आहे?"

"पुढचं? झकास."

"आमचं मागचं झकास आहे."

मग सगळे एकदम बोलू लागले.

"किती गिअरची?"

"बाराची!"

"आमचीही बाराची!"

"ब्रेकची डिस्क कुठली?"

"सोबत आली तीच!"

"थांबा, थांबा," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. त्यांच्याही गालांवर रंग चढला होता. "एक जोडी तर जुळली. पण बसणारे दोघं आहात."

हे खरं होतं. मास्तरीण आणि बेकरीवाला एकमेकांकडे बघू लागले. दोघांनाही ती चाकं हवी होती आणि दोघंही तसं म्हणायला लाजत होती.

"ताई, तुम्ही घ्या," शेवटी बेकरीवाला म्हणाला, पण अशा आवाजात की दुकानातल्या सायकलींनाही वाईट वाटावं.

"तुमचा गट कधी सुटतो?" मास्तरणीने विचारलं.

"पंचेचाळिशीच्या वरचा पुरुषगट. सगळ्यात शेवटी."

"आमचा बायकांचा सगळ्यात आधी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे चमकले. "मी वर पोहोचते, चाकं काढते, खाली पाठवते. तुम्ही बसवता आणि सुटता!"

"असं चालतं?"

दिराने तिथूनच आयोजकांना फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ नियम चाळत होता. चाकं ज्याची त्यानेच वापरावीत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. "असं आजवर कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला. दोन्ही सायकली दुकानात आणवल्या आणि तिथल्या मेकॅनिकने ती दोन चांगली चाकं आळीपाळीने दोन्हींना लावून पाहिली. कुठेही भेग नाही, कुठे खडखड नाही, याची खात्री केली. बेकरीवाल्याच्या सायकलवर डिस्क किंचित घासत होती. ब्रेकचे दोन स्क्रू सैल करून पुन्हा कसे आवळायचे ते मेकॅनिकने दिराला तीनदा करायला लावलं. या वेळी बाईंनी पावती दिली.

रविवारी सकाळी मास्तरीण सुटली ती पाठीमागे आग लागल्यासारखी. पहिल्या वळणावरच पुढे सुटलेली बाई तिला दिसली. मागच्या वर्षी याच वळणावर तिने पाय टेकायचा विचार केला होता. आता चाकं जणू तिला विचारत होती, एवढंच का? मधल्या खड्या चढावर छातीचा भाता झाला, घाम डोळ्यांत उतरला, तरी तिने एका बाईला मागे टाकलं, मग दुसरीला. माथ्यावरची कमान दिसताच ती पायडलवर उभी राहिली आणि ओरडतच रेषा ओलांडून गेली.

निकालाचा फलक बघायला ती थांबलीच नाही. सायकल उलटी केली, चाकं उपसली आणि स्वयंसेवकाकडे धावली.

"खाली जायचंय!"

"रस्ता बंद आहे बाई. फक्त दोन गटांच्या मधल्या वेळेत एक गाडी खाली जाते. ती बघा, निघालीच!"

मास्तरीण धावली. दोन्ही चाकं छातीशी धरून गाडीत पुढच्या सीटवर कोसळली. गाडी निघाली आणि गोगलगायीसारखी उतरू लागली.

"अहो, जरा जोरात!" ती म्हणाली.

"उतार आहे," चालक पुढे बघतच म्हणाला. "दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. वळणावर घाई नाही."

हे शब्द तिला ओळखीचे वाटले. तिने नीट पाहिलं. हा पोरगा! हाच तो, परीक्षेत दोनदा नापास झालेला, चढावर गाडी मागे घसरवणारा!

"तू?"

"हो मॅडम," तो घाबरून म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

"मीच शिकवलं," ती कपाळावर हात मारत म्हणाली. "बरोबर शिकवलं. पण सरळ रस्त्यावर तिसरा टाकतात हेही शिकवलं होतं की नाही?"

"शिकवलं होतं."

"मग टाक की रे, टाक!"

त्याने टाकला. मागच्या सीटवरचे दोघं स्वयंसेवक दाराला धरून बसले. पुढच्या वळणाआधी ती सवयीने उजवा पाय जमिनीवर दाबत राहिली आणि तोही बिचारा तिच्या पायाकडे बघून ब्रेक दाबत राहिला.

खाली सुरुवातीच्या रेषेपाशी बेकरीवाला चाकाविनाची सायकल धरून उभा होता. समोर त्याचा मेहुणा सुटला, जाताना हातही हलवला. मग घोषणा झाली: बेकरीवाल्याचं नाव, तयार राहा.

"आली!" दीर किंचाळला.

गाडी थांबायच्या आत मास्तरीण उतरली. एक चाक दिराकडे, एक बेकरीवाल्याकडे. मागचं बसलं. साखळी दातांवर चढली. पुढचं बसलं. दिराने चाक फिरवलं, आणि शिस्स, शिस्स, डिस्क घासली.

"सोडा, जाऊ दे!" बेकरीवाला म्हणाला.

"नाही!" मास्तरीण आणि दीर एकदम म्हणाले. दिराने स्क्रू सैल केले, ब्रेक दाबून धरला, पुन्हा आवळले. तेवढ्यात रेषेवरच्या माणसाने हात खाली केला. घड्याळ सुरू झालं. बेकरीवाला अजून एक पाय जमिनीवर टेकून होता.

"फिरव!"

चाक फिरलं. आवाज नाही.

"जा!" मास्तरणीने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो तिच्या जोरावरच अर्धं वळण चढला असेल. बेकरीवाला गेला. एवढा आडवा-तिडवा माणूस, पण चढावर असा निघाला की बघणारे टाळ्या विसरले. वळणाआड दिसेनासा होईपर्यंत दीर आणि वहिनी एकमेकांचे दंड धरून उड्या मारत होते.

वर गेल्यावर कळलं, मास्तरीण दुसरी आली होती. दुसरी! तिला ते दोनदा वाचून दाखवावं लागलं. तिने तिथूनच बोटीवर फोन लावला, पण नवऱ्याला तिकडे वाऱ्यात काही ऐकूच येत नव्हतं. "दुसरं काय?" तो सारखा विचारत होता.

बेकरीवाला मेहुण्यापेक्षा थोडा मागे राहिला. खाली स्क्रू आवळण्यात जेवढा वेळ गेला, त्याहूनही कमीच वेळाने. पण वर तो रागावलेला नव्हता. गवतावर उताणा पडून लालबुंद चेहऱ्याने आकाशाकडे बघत हसत होता. इतक्या वेगाने तो आयुष्यात चढला नव्हता. मेहुणा शेजारी येऊन उकिडवा बसला आणि जरा वेळाने म्हणाला, "भाऊजी, चाक वेळेवर बसलं असतं, तर आज मी हरलो असतो." बेकरीवाल्याने त्याच्याकडून हे वाक्य सगळ्यांसमोर पुन्हा वदवून घेतलं. आणि पुन्हा एकदा.

बाकी प्रकरण असं सरळ सुटलं नाही. मास्तरणीने भेगाळलेलं चाक बांधून पाठवलं, भेग डोळ्यांना दिसत होती म्हणून पावतीवाचून भागलं, बरेच आठवडे वाट पाहिली, आणि बदली चाक आलं तेव्हा त्यावरच्या करासकट हिशेब मांडला तर सवलतीतलं फारसं काही उरलं नव्हतं. बेकरीवाल्याचं चाक हब न बदलताच परत आलं. बसवताना चूक झाली असावी, असं एका ओळीत कळवलेलं. चूक झाली नव्हती, पण त्याच्याजवळ तसं दाखवणारा कागद नव्हता. त्याने काउंटरवरच्या बाईंकडून नवीन हब घेतला, बिल घडी करून पाकिटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी जेवताना मेहुण्याला दाखवलं.

त्यानंतर काही दिवसांनी एका संध्याकाळी मास्तरीण कामावरून आली तर दीर हॉलमध्ये फोन घेऊन बसलेला. तिला पाहून त्याने फोन पालथा ठेवला.

"भाऊजी, काय बघताय?"

"काही नाही गं. हॅन्डल."

"कुठलं?"

"हलकं आहे खूप," तो म्हणाला. मग न राहवून फोन पुढे केला. "बघ तरी, वहिनी! नुसतं बघ!"

तिने चपला न काढताच त्याच्या शेजारी बसून बघितलं. खरंच सुंदर होतं.

"विक्रेता कुठला?"

"तेच विचारणार होतो," दीर म्हणाला. "दुकानातल्या बाईंना. हे त्यांच्याकडेच मिळतं का. त्यांचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"